टाचणीसाठी लावलेला सापळा

मिस्त्रीला माणसं ओळखता येत नाहीत, असं त्याची बायको म्हणायची. मिस्त्रीचं मत नेमकं उलटं. फ्रिजला कान लावून आतला बिघाड सांगणाऱ्याला माणसाच्या पोटातलं कळणार नाही होय?

दिवसभर दुकानात फ्रिज दुरुस्त करायचे आणि रिकाम्या वेळात ‘गारवा’ सांभाळायचा, हा त्याचा जुना शिरस्ता. गारवा म्हणजे एक फुकटचा, सर्वांना खुला असलेला प्रोग्राम. मिस्त्रीची ताई एका छोट्या दवाखान्यात नर्स होती. तिथला लसींचा फ्रिज एकदा कुणाच्या नकळत बंद पडला आणि सगळ्या लसी फेकाव्या लागल्या. तेव्हा मिस्त्री आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त, गणिताचा मास्तर, या दोघांनी डोकं खपवून गारवा लिहिला. फ्रिजमधलं तापमान आठ अंशांच्या वर गेलं की फोन केकाटायला लागतो. पुढे कुठकुठले दवाखाने तो वापरू लागले, कुठकुठली माणसं त्यात सुधारणा पाठवू लागली. नियम एकच, आणि तोही मिस्त्रीनेच घातलेला: आपला बदल आपण आत घ्यायचा नाही, दुसऱ्याने ओळ न् ओळ वाचून मगच घ्यायचा.

अशात टाचणी आली. आली की आला, देव जाणे. पडद्यावर नाव तेवढंच. फोटो नाही, पत्ता नाही, फोनवर बोलू म्हटलं की “लिहूनच बोलूया.” मिस्त्रीने काही पाठवायचा अवकाश, हिचा शेरा हजर: “हा बदल कशासाठी? चाचणी कुठे आहे?” चाचणी म्हणजे बदल बरोबर आहे का ते आपोआप तपासणारा तुकडा. मिस्त्रीने तसले तुकडे कधी मनावर घेतलेच नव्हते.

“अरे, मी बाप आहे त्या प्रोग्रामचा!” तो फोनवर मास्तरवर उखडला. “आणि ही कोण मला चाचण्या मागणारी?”

“मागते ते बरोबरच आहे की,” मास्तर म्हणाला. “मी तर म्हणतो, बदल आत घ्यायचा हक्क तिलाही देऊ. आपल्याला तिसरं माणूस हवंच आहे.”

झालं. मिस्त्रीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. इतकी फुकटची मेहनत कोण घेतं? अलार्म विकणाऱ्या एखाद्या कंपनीचंच माणूस असणार. आधी बापाला घराबाहेर काढायचं, मग घर गिळायचं. आणि मास्तर तिची एवढी तळी का उचलतोय? दोघांचं आतून काहीतरी शिजतंय खास. “जेवताना तरी तो फोन पालथा ठेवा,” बायको म्हणाली, तर क्षणभर त्याला तीसुद्धा त्यांना सामील वाटली.

मग त्याने सापळा रचला. एक लांबलचक, वाचताना झोप येईल असा बदल लिहिला आणि मधोमध आठाच्या जागी अठरा घातले. टाचणीने मागे घातलेली चाचणी बोंब मारेल म्हणून त्या चाचणीतही गुपचूप अठरा केले. टाचणीने न वाचता ‘ठीक’ म्हटलं की चारचौघांत तिला तोंडघशी पाडायचं आणि बदल मागे घ्यायचा. वर “टाचणीने वाचावं” असं लिहून तो एका हॉटेलची शीतखोली दुरुस्त करायला निघून गेला. घरी आल्यावरही त्याने मुद्दाम फोन उघडला नाही. अडकू दे सावकाश, म्हणाला.

तो बदल आधी पाहिला मास्तरने. दोस्ताचा रुसवा त्याला सलत होता. त्याने न वाचताच बदल आत घेतला आणि खाली लिहिलं, “मिस्त्रीचं काम आहे, वाचायचं काय त्यात!” दवाखान्यांतल्या यंत्रांनी नवा गारवा आपणहून उतरवून घेतला.

सकाळी ताईचा फोन आला. “अरे, फ्रिज रात्रीच कधीतरी बंद पडलाय. आत चौदा अंश! तुझा गारवा वाजलाच नाही रे. बाहेर बाया पोरं घेऊन बसल्यात, काय सांगू त्यांना?” मग आवाज खाली आला. “तुझं आहे म्हणून मी निवांत झोपले होते.”

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने घाईघाईने पडदा उघडला. टाचणीने त्याच्या आधीच चोरी पकडली होती, अठराचे पुन्हा आठ करणारा बदल पाठवून ठेवला होता. मिस्त्रीने तो आधी आत घेतला. खाली लिहिलं होतं, “आकडा चाचणीतही बदललाय. ही नजरचूक वाटत नाही. कुणी सांगेल का?”

तेवढ्यात मास्तरचा फोन. “हे तिचंच कारस्थान! तुझ्या नावाने घुसवलंय तिने. मी तुझं आधीच ऐकायला हवं होतं. तू नुसतं हो म्हण, आत्ता हाकलतो तिला.”

हेच ऐकायला मिस्त्रीचे कान आसुसले होते. एक ‘हो’, की प्रोग्रामही त्याचा, दोस्तही त्याचा. पण कानात अजून ताईचा आवाज होता.

“नाही रे,” तो म्हणाला. “मीच केलं. मुद्दाम. तिला पकडायला.”

मास्तर म्हणाला, “तुझं काम होतं म्हणून वाचलं नाही मी.” आणि त्याने फोन ठेवला.

मिस्त्रीने सगळं सगळ्यांसमोर लिहिलं. ताईची माफी मागितली. ती “बरं” म्हणाली, त्यापुढे काही नाही. टाचणीला हक्क मिळाला. ती कोण, हे आजही कुणाला ठाऊक नाही, आणि मिस्त्री आता विचारतही नाही.

बऱ्याच दिवसांनी त्याने एक फुटकळ बदल पाठवला, एका बटणाचा रंग तेवढा. टाचणीने लगेच ‘ठीक’ म्हटलं. मास्तरने मात्र ओळ न् ओळ वाचली आणि खाली लिहिलं, “हा बदल कशासाठी? चाचणी कुठे आहे?”