ममता पेंटरचं गरुड

घाटंजीहून पारव्याकडं निघालं की डाव्या हाताला एक टिनाचं शेड लागतं. पुढ्यात दोन-तीन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कायम उभ्या, रंगाची वाट बघत. पाटी हरिसिंग राठोड पेंटरची, पण हरिसिंगच्या हाताला कंप सुटला त्याला आता सहा वर्षं झाली. ब्रश चालवते ती त्याची लेक ममता. वय तिशीचं, तोंड फटकळ, आणि हात असा की ट्रॉलीच्या फाळक्यावर वाघाचं तोंड काढलं तर बकऱ्या रस्ता बदलतात.

पण वाघ, मोर, गुलाब हे सगळं पोटासाठी. जीव अडकलेला टेहळणीच्या विमानांत. हो बाप्पा, विमानांत! जिनं अजून विमानतळ पाहिला नाही, अशा बंजारा तांड्यावरच्या पोरीचा! अकरा वर्षांची असताना, रंग मारायच्या आधी ट्रॉलीला चिकटवायच्या रद्दीत तिला एक फोटो सापडला. आपल्या हवाई दलाचं मिग-पंचवीस निवृत्त होतंय, अशी बातमी होती. गरुड म्हणायचे त्याला. दोन शेपट्या, हवा ओढायला दोन मोठाली चौकोनी तोंडं, आणि वेग आवाजाच्या जवळजवळ तिप्पट. त्या दिवशी ट्रॉली तशीच पडून राहिली आणि पोरगी कामातून गेली.

तेव्हापासून जो समोर येईल त्याला ती धरते. ट्रॉली न्यायला आलेला शेतकरीही सुटत नाही.

"यवतमाळहून नागपूर कितीक वेळ लागते, भाऊ?"

"एसटीनं तीन-साडेतीन घंटे."

"गरुडाले तीन मिनिटं. आन् थे बी एवढ्या उंचावरून, का खाली पत्ता लागत नाई कोणाले!"

"असं? मंग हाफ तिकीट चालते का त्याच्यात?"

लोक हसतात, तीही हसते, आणि पुढचं सांगायला लागते. तांड्यातल्या म्हाताऱ्यांना मात्र तिनं अगदी कोड्यात टाकलं होतं. भांडत नाही, नुसतं बघून येतं, फोटो काढून आणतं, मग असलं विमान हवं कशाला? ममता म्हणाली, "काहून, आपली लदेणी निघे तवा तांड्याचा नायक पुढं एक माणूस धाडत नोता का? बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादलेलं, मांगून सारा तांडा. पाणी कुठी हाये, चारा कुठी हाये, थो आधी पाहून ये. त्याचं काम भांडाचं नोतं. पाहाचं आन् जित्ता परत याचं. गरुड म्हंजे थोच माणूस." म्हाताऱ्यांना हे लगेच पटलं. एकानं तर आपला आजा असाच पुढं जायचा म्हणून सांगितलं आणि विमानाशी नातंच जोडून टाकलं.

खरी गप्पांची जागा मात्र मोबाईलवरची. विमानवेड्यांचा एक ग्रुप, तीनशे माणसं, आणि त्यात ही 'एम. राठोड'. तिचं ज्ञान पाहून सगळे तिला राठोडसाहेब म्हणू लागले. तिनं कोणाची चूक दुरुस्त केली नाही. साहेब म्हटल्यावर माणसं नीट ऐकतात, हे तिला ठाऊक होतं.

या ग्रुपनं जानेवारीत यवतमाळला विमानांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं, पहिल्या चित्राला बक्षीसही ठेवलं. अट एकच, गरुडाचं चित्र असेल तर बबनराव हो म्हणतील तरच ते भिंतीवर लागेल. बबनराव वणीकडचे. घरची कापसाची शेती सोडून हवाई दलात गेलेले, आणि तिथं चौदा वर्षं गरुडाच्या पोटाखाली उताणं पडून मेकॅनिकी केलेली. ममताचं काळीज तिथंच लकलकलं. एकोणीस वर्षं ती नुसत्या फोटोंवरून हे विमान काढत आली होती. ज्यानं त्याला खरोखर हात लावलाय असा माणूस आपल्या गरुडाला गरुड म्हणतो की नाही, एवढंच तिला हवं होतं. बक्षीस गेलं खड्ड्यात.

चार महिने खपून तिनं दहा फुटी पत्र्यावर गरुड काढलं, खालून पाहिल्यासारखं, पोट आणि दोन्ही पंख दाखवणारं. फोटो ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत बबनरावांचं उत्तर आलं: 'राठोडसाहेब, रंगकाम झकास. पण विमान खोटं आहे. डावं अंग आणि उजवं अंग तंतोतंत एक. खऱ्या विमानाच्या पोटावरची झाकणं, जाळ्या, अँटेना दोन्हीकडं सारख्या नसतात. हे लावता येणार नाही.'

ममताच्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! 'चार महिने उभं राहून काढा, मग बोला,' असं तिनं ठोकून दिलं आणि मोबाईल रंगाच्या डब्यांत भिरकावला.

मग भिंतीवर टांगलेल्या खाक्याकडं, म्हणजे चित्र उतरवायच्या टोचलेल्या कागदाकडं, तिचं लक्ष गेलं आणि तिनं तो खाली उतरवला. ट्रॉलीचं काम कसं असतं? खाकी कागद मधोमध दुमडायचा, अर्ध्यावर चित्र काढायचं, सुईनं टोचायचं, कागद उघडायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थापटायची. दोन्ही बाजू हुबेहूब. तसंच लागतं, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं एक मोर जाडा अन् एक रोडका. गरुडाचाही खाका तिनं सवयीनं दुमडूनच केला होता. एवढा अभ्यास, आणि विमानाची ट्रॉली करून ठेवली! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

पण ममता रडत बसणाऱ्यांतली नव्हे. तिनं पत्री घेतली आणि विमानाचं अख्खं उजवं अंग खरवडायला सुरुवात केली.

हरिसिंग धावत आला. "अवं, डोक्सं फिरलं का तुवं? चांगलं चितर कायले खरवडून राह्यली?"

"चांगलं हाये, बा. पण खोटं हाये."

"प्रदर्शनाले आठच दिवस राह्यले! आन् बिनखाक्याचं काढशीन?"

"काढतो नं!" म्हणाली खरी, पण बिनखाक्याचं एवढं मोठं चित्र तिनं आजवर काढलं नव्हतं.

तिनं बबनरावांना फोन लावला. पलीकडून करडा आवाज आला, "राठोडसाहेबांकडून का? द्या त्यांना."

"मीच राठोड. ममता. माफी मागाले फोन केला, काका. आन् शिकाले बी."

पलीकडून आधी "ममता?" असं आलं. मग म्हातारा खो-खो हसत सुटला. "अवं पोरी, तीन वर्षं झाले मी तुले साहेब म्हणून राह्यलो! लिहून घे, चाल."

आठ दिवस रोज दुपारी फोन. बबनरावांना आता डोळ्यांनी धूसर दिसायचं, फोटोही मोठा करून डोळ्यांशी धरावा लागायचा, पण हातांना सगळं पाठ होतं. नाकाखालच्या कॅमेऱ्याच्या काचांपासून वीतभर मागं हे, तिथून चार बोटं खाली ते, असं ते सांगत गेले. ममता खडूनं मोकळ्या हातानं मांडत गेली. हरिसिंगला राहवलं नाही. रंग कालवायला तोही बसला.

एका जागी मात्र अडलं. पंखाच्या मुळाशी एक बारकं गोल झाकण. बबनराव म्हणाले, डावीकडं. ममताकडचे दोन जुने फोटो म्हणत होते, उजवीकडं. तिनं फोटो पुन्हा पुन्हा पाहिले, फोटो उलटा छापलेला नाही ना म्हणून विमानावरचे आकडे सरळ आहेत का तेही तपासलं. मग जीव घट्ट केला आणि झाकण उजवीकडं काढलं. म्हाताऱ्याला सांगायची हिंमत काही झाली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी, भिंतीवर लावायच्या आधी, पत्रा दोन बाकांवर आडवा ठेवला होता. बबनराव आले, नातवाचा हात सोडून पुढं झाले आणि चष्मा कपाळावर चढवून पत्र्यावर ओणवे झाले. नाकापासून सुरुवात. बोटं रंगावरून सरकत होती आणि तोंडानं एकेका भागाचं नाव चाललं होतं. माणसं बाकांभोवती गोळा झाली. पंखाच्या मुळाशी बोटं थांबली, मागं गेली, परत तिथंच आली.

"हे मी सांगतलं नोतं."

"नाई, काका." ममता पुढं सरली. "फोटोत असं हाये. तुमची आठवण चुकली."

कोणीतरी मागं "बापरे" म्हणालं. बबनरावांनी डोळे मिटले. उजवा हात वर उचलला, उताणं पडून डोक्यावरचा स्क्रू फिरवावा तसा हवेत फिरवला. एकदा, दोनदा. मग त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"हो, वं! उजवीकडंच! याच झाकणानं माह्यं कोपर फोडलं होतं!" त्यांनी बाही वर करून खूण दाखवली. उजव्याच कोपरावर होती. "मी चौदा वर्षं हात लावला, आन् पोरीनं न पाहता मले चूक दाखवली!"

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्यासुद्धा. पण बबनरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "थांबा. काम बाकी हाये. मेकॅनिकची सही झाल्याबिगर विमान जागचं हलत नाई." त्यांनी ममताकडून ब्रश मागून घेतला आणि पत्र्याच्या कोपऱ्यात, तिच्या नावाखाली, नाव आणि तारीख घातली. अक्षर वेडंवाकडं आलं. मग ते दोन पावलं मागं सरले, पाठ ताठ केली, टाचा जुळवल्या आणि धावपट्टीवर मेकॅनिक विमान नेणाऱ्याला ठोकतो तसा कडक सलाम ममताला ठोकला.

ममतानं रंगानं माखलेला हात कपाळाशी नेला. डोळे वाहत होते, पण हात जराही हलला नाही.