मोठे टायर आणि चौदा किलोमीटर

गेल्या वर्षी आमची मुलगी आहे तिथेच राहून आम्हाला चौदा किलोमीटर जवळ आली.

घर तिने बदललं नाही, आम्हीही बदललं नाही. बदलले ते फक्त पिकअपचे टायर.

मी नाशिकजवळ मखमलाबादला भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी चालवतो. टोमॅटो, वांगी, मिरचीचे ट्रे शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवायला ही पिकअप आहे. तिच्या कप्प्यात एक वही असते आणि वहीला दोरीने बांधलेलं पेन. टाकी कधी फुल केली, किती लिटर बसलं, मीटर किती, कुठे गेलो आणि कशासाठी गेलो, हे मी एकोणीस वर्षं लिहीत आलोय. शेवटच्या रकान्याचं नाव ‘कारण’. कारण नसेल तर गाडी हलत नाही. (सुनंदा, म्हणजे आमची सौ., म्हणते की मी लग्नाच्या वरातीचीही नोंद केली असती; तेव्हा स्वतःची गाडी नव्हती म्हणून ती वाचली.)

आता किलोमीटरचं. प्रज्ञासाठी स्थळं बघायला लागलो तेव्हा सुनंदाची एकच अट होती. मुलगा कसाही... म्हणजे कसाही नव्हे, पण घर मात्र दोनशे किलोमीटरच्या आत. सकाळचा चहा आपल्या घरी, दुपारचं जेवण लेकीकडे आणि झोपायला परत आपल्या घरी. दोनशेच्या पुढे सगळा परदेश.

सुमेधचं स्थळ आलं. शिरपूर. मुलगा शाळेत विज्ञान शिकवतो, घरचे लोक साधे, प्रज्ञाला पसंत. बैठकीत त्याचे काका म्हणाले, “अंतर काय, असेल दोनशेच्या आसपास.” सगळ्यांनी माना हलवल्या. विषय तिथेच संपायला हवा होता.

“दोनशे बारा,” मी म्हणालो.

हातातला चहा सगळ्यांच्या हातातच राहिला. त्या बारा किलोमीटरवर लग्न तीन आठवडे अडलं. शेवटी प्रज्ञाच म्हणाली, “मम्मी, तू दोनशेपर्यंत ये. उरलेले बारा मी येईन.” तेव्हा कुठे सुनंदा हसली आणि विहारात लग्न लागलं. पण मला माफी अशी मिळाली नाहीच. भाजीत मीठ जास्त झालं आणि मी ते सांगितलं, तर उत्तर ठरलेलं असे: “बारा किलोमीटर गिळता आले नाहीत तुम्हाला, मीठ कसं गिळाल?”

लग्नानंतर वर्षाला दोन फेऱ्या व्हायच्या. सुनंदा अधूनमधून विचारायची, “जायचं का शिरपूरला?” मी विचारायचो, “कारण?” ती म्हणायची, “सहज.” ‘सहज’ हे कारण मी एकोणीस वर्षांत कधी लिहिलेलं नव्हतं. मग ती प्रज्ञाच्या खोलीत जाऊन, जिथे आता बियाण्यांची पाकिटं असतात, ती पाकिटं विनाकारण नीट लावून ठेवायची. मला ते दिसत नव्हतं असं नाही. पण पाकिटं नीट लागलेली असली की बरं, असं मी स्वतःला सांगायचो.

त्यात टायर गुळगुळीत झाले. देवळाली कॅम्पला सुनंदाचा भाऊ दिलीप राहतो. त्याचा गाड्यांचा अभ्यास मोठा आहे, विशेषतः दुसऱ्यांच्या गाड्यांचा.

“दाजी, कंपनीच्या मापाचे कशाला टाकता? मोठे टाका. निफाडच्या काळ्या मातीत मागच्या पावसाळ्यात फसला होता ना? आठवा, ट्रॅक्टरने ओढून काढलं होतं तुम्हाला.”

“मला नाही, गाडीला.”

“तुम्ही आतच होता की.”

मुद्दा बरोबर होता. मोठे टायर बसले आणि गाडी अशी उंच झाली की सुनंदाला आत चढता येईना. त्यावर उपाय म्हणून टोमॅटोचं प्लॅस्टिकचं कॅरेट उपडं ठेवून पायरी केली. पण ती आत गेल्यावर कॅरेट रस्त्यावर राही. मग त्याला दोरी बांधली. आत बसायचं, दार लावण्याआधी दोरीने कॅरेट वर ओढून मांडीवर घ्यायचं. विहिरीतून बादली काढावी तसं ती ते ओढायची. शेजारच्या काकू हे बघायला मुद्दाम गच्चीत यायच्या.

नवे टायर लागल्यावर विहीणबाईंच्या आजारपणाचं निमित्त झालं, आणि हे कारण रकान्यात बसत होतं, म्हणून आम्ही शिरपूरला निघालो. मीटर शून्य करायचं काम सुनंदाचं. शिरपूरला प्रज्ञाच्या दारात गाडी थांबली, तशी ती मीटरकडे बघतच राहिली.

“अहो, एकशे अठ्ठ्याण्णव.”

“काय एकशे अठ्ठ्याण्णव?”

“दोनशेच्या आत आली पोरगी.”

कॅरेटसकट ती खाली उतरली आणि विहीणबाईंना, ज्या अंथरुणातून उठून दारात आल्या होत्या, तिने सर्वांत आधी हा आकडा सांगितला. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. “इतली उच्ची गाडी काब्र लयनात?” त्या विचारत होत्या. एवढी उंच गाडी कशाला आणली, हा प्रश्न मलाही पुढे पडणार होता.

कारण घरी येऊन टाकी फुल केली आणि मला घाम फुटला. आधी लिटरला साडेतेरा किलोमीटर मिळायचे. आता वहीत आले अकरा पूर्णांक तीन. एकोणीस वर्षांत एवढी घसरण मी पाहिली नव्हती; स्वतःच्या तब्येतीतसुद्धा नाही.

पहिला संशय पंपावर. पंप बदलला, आकडा तोच. दुसरा संशय डिझेलच्या टाकीवर. गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला, एक थेंब सापडला नाही. तिसरा संशय दिलीपवर, कारण मधे दोन दिवस गाडी त्याच्याकडे होती. मी सरळ विचारलं नाही. फक्त म्हणालो, “दिलीप, तुझ्याकडे असताना गाडी कुठे लांब गेली होती का?”

“दाजी, सरळ विचारा. मी डिझेल पितो का?”

“तसं नाही.”

“वास घेऊन बघा माझ्या तोंडाचा.”

पंधरा दिवस तो बोलला नाही. (त्या पंधरा दिवसांत गाड्यांवरचा एकही सल्ला आला नाही, ही जमेची बाजू.)

मग ठरवलं, शास्त्रशुद्ध तपासणी करायची. आणि तपासणीला रस्ता एकच हवा, वेग एकच हवा, थांबे तेच हवेत. निफाडचा रस्ता कधी ओला, कधी ट्रॅक्टरने भरलेला. घोटीच्या बाजूला गर्दी. तुलना होऊ शकेल असा एकच रस्ता वहीत होता: शिरपूर.

त्या वर्षी पावसाळा संपल्यापासून दर पंधरा दिवसांनी मी शिरपूरला गेलो. काटा साठवर. चांदवडला चहा. वहीत कारण: ‘तपासणी’. पहिल्या खेपेला सुनंदा निरीक्षक म्हणून आली. दुसऱ्या खेपेला लाडू घेऊन निरीक्षक म्हणून आली. तिसऱ्या खेपेपासून ती दोन दिवस आधीच विचारू लागली, “तपासणी रविवारी आहे ना? मग मेथी निवडून ठेवते.” प्रज्ञाचाही फोन यायचा, “पप्पा, आकडा जुळला का?” नाही म्हटलं की तिचा आवाज खुलायचा. मला वाटायचं, मुलीला शास्त्राची गोडी लागली.

पाचव्या खेपेला मालेगावच्या पुढे सहज लक्ष गेलं. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत होतो. दहा दगड गेले आणि मीटर मात्र सव्वानऊच्या थोडं पुढे. पुन्हा मोजले. तेच.

परत आल्यावर टायरवर खडूने खूण केली, जमिनीवर खूण केली आणि गाडी चाकाचा एक फेरा ढकलली. दोनशे एकोणतीस सेंटीमीटर. अंगणात गाडीच्याच जुन्या टायरमध्ये गवती चहा लावला होता. तो उपटून टायर फिरवला. दोनशे चौदा.

चोर सापडला. मीटर जमीन मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतं. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात जास्त रस्ता कापू लागलं. मीटरला ते कळलंच नाही. म्हणजे दोनशे बारा चालायचं आणि एकशे अठ्ठ्याण्णव सांगायचं. अंतरच कमी धरल्यामुळे हिशोबातलं ॲव्हरेजही खोटं. खरं होतं बारा पूर्णांक एक. घट होतीच, जड टायर डिझेल जास्त खातातच, पण सव्वादोनची नव्हे, दीडचीही नव्हे.

मला इतका आनंद झाला की पुढच्याच रविवारी शिरपूरला, सगळे जेवायला बसलेले असताना, मी वही उघडून सगळं समजावलं. शेवटी म्हणालो, “थोडक्यात, शिरपूर दोनशे बाराच आहे. तपासणी संपली. सोमवारी जुन्या मापाचे टायर टाकतो.”

प्रज्ञा ताटातला भात एका बाजूला सारत राहिली.

“सुमेधराव, पटलं ना तुम्हाला?”

जावई खाली बघून म्हणाले, “पप्पा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गाडी दारात थांबली तेव्हाच.”

“मग सांगितलं का नाही?”

“मीच नको म्हटलं,” प्रज्ञा म्हणाली. “सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?”

मी सुनंदाकडे पाहिलं. ती शांतपणे पोळी वाढत होती.

“तुलाही माहीत होतं?”

“रस्त्यावर पाट्या असतात. शिरपूर किती, ते लिहिलेलं असतं. मला वाचता येतं.”

“आणि एकशे अठ्ठ्याण्णव?”

“मीटर म्हणत होतं. मी कशाला भांडू त्याच्याशी?”

एवढ्या घरात जी गोष्ट फक्त मला माहीत नव्हती, तिच्यासाठी मी सहा वेळा आलो होतो. पुढच्या खेपेला रकान्यात काय लिहायचं, ते मला सुचेना. हातात वही आणि समोर वाटीतली आमटी, दोन्ही गार होत होत्या.

तेव्हा सुमेधराव हळूच म्हणाले, “पप्पा, एक राहिलंय. जातानाचं आणि येतानाचं डिझेल वेगळं मोजलंय का?”

मोजलं नव्हतं.

“आणि हवेचा दाब? टायरमधल्या हवेनेही फरक पडतो.”

तोही बघितला नव्हता. मी वही पुन्हा उघडली. प्रज्ञाने माझ्या ताटात भात वाढला, न विचारता, ती लग्नाआधी वाढायची तेवढाच.

टायर बदलले नाहीत. काटा साठवर ठेवला की गाडी खरी चौसष्टने जाते आणि शिरपूर चौदा मिनिटं लवकर येतं, हेही मी नंतर काढलं. सुनंदाला सांगितलं नाही. तिला आयतं यश कशाला द्यायचं. हवेच्या दाबाला तीन खेपा लागल्या. जाण्यायेण्याचा हिशोब गेल्या महिन्यात पुरा झाला. जाताना साडेसोळा लिटर लागतं. येताना मागे माल नसतो, लाडूंचे डबे रिकामे असतात, तरी साडेअठरा.

सुमेधरावांनी फोनवर समजावलं की शिरपूर खाली तापीच्या खोऱ्यात आहे आणि नाशिक वर पठारावर. येताना चढ आहे, म्हणून जास्त डिझेल. पटलं. परतीच्या नोंदीपुढे, कारणाच्या रकान्यात, मी एकच शब्द लिहिला: ‘चढ’.

सुनंदा शेजारी कॅरेट मांडीवर घेऊन बसली होती. तिने वाकून वाचलं.

“शिरपूरहून घरी यायला चढ आहे, हे काढायला दहा खेपा लागल्या तुम्हाला?” ती म्हणाली. “मी प्रज्ञाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं असतं. वही न उघडता.”