बारव बांधणारी बाई

आमच्या गावची बारव आमच्याच घराण्यातल्या एका मेंढपाळ विधवेनं बांधली, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. दुष्काळात गावानं तिच्या मेंढरांना पाण्याला तोंड लावू दिलं नाही, तेव्हा तिनं अर्धा कळप विकून बेलदार बोलावले. हे सगळं मला मोठ्या मायनं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीनं सांगितलेलं.

दोनेक वर्षांपूर्वी गावातल्या पोरांनी समिती काढून बारव साफ केली. काम चांगलंच केलं. मग फलक लागला, आणि त्यावर एका मोठ्या राणीचं नाव. मोठी माय थेट समितीच्या अध्यक्षाकडं गेली. मी बरोबर होतो.

"बारव आमच्या बाईची हाय. तुमची राणी इकडं कव्हा आल्ती?"

अध्यक्षानं तिला खुर्ची दिली. "माय, राणीचं नाव असलं की निधी येतो. पण तुम्ही म्हणता तर बाईचंबी लिहू खाली. काय नाव तिचं?"

मोठी माय माझ्याकडं वळली. मला कुठलं ठाऊक?

भावकीत विचारलं. कुणालाच सांगता येईना. शेवटी वडीगोद्रीला आमची वंशावळ सांगणारा म्हातारा राहतो, त्याच्याकडं गेलो. त्यानं डोळे मिटून पिढ्यान्‌पिढ्यांचे बाप आणि लेक धडाधडा म्हणून दाखवले.

"अन् बारव बांधणारी?" मोठ्या मायनं विचारलं.

म्हाताऱ्यानं मधलं एक नाव परत घेतलं. "ती ह्याची बायको."

"तिचं नाव?"

"बायांची नावं आम्ही न्हाई ठेवत, माय."

घरी चुलत्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "एवढंच ना? मंग तिच्या नवऱ्याचं नाव द्या. घराणं तर तेच हाय." समितीलाही ते बरोबर वाटलं. भावकीतले सगळे खूष झाले.

उद्घाटनाला मोठ्या मायला पुढच्या रांगेत बसवलं, राणीच्या फोटोला हार घालायला लावला. तिनं घातला. फलकावर राणीच्या खाली बारीक अक्षरांत आमच्या पूर्वजाचं नाव होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं.

"तो तर बारव खांदायच्या आधीच मेल्ता," ती म्हणाली. शेजारी बसलेल्या चुलत्यांनी तिला गप बसायला सांगितलं, कारण भाषणं सुरू झाली होती.