अमेरिकेची चिठ्ठी

आमच्या वकीलसाहेबांनी नागपूरच्या पलीकडचं तिकीट जन्मात काढलं नाही, पण अमेरिकेत मांडल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विधेयकाला त्यांचा विरोध असे. हा विरोध ते बालाघाटला, आपल्या घराच्या ओसरीवर बसून नोंदवत. नागपूरचे त्यांचे मेहुणे वाचून झालेली अमेरिकन साप्ताहिकं गठ्ठ्यानं पाठवत. तिकडे कायदा होऊन लोक तो विसरलेही असत, तेव्हा इथे वकीलसाहेब तो हाणून पाडायला सुरुवात करत. गावात त्यांना 'अमेरिकेचे वकील' म्हणत. अशिलं मात्र रामपायलीकडची, धुऱ्याच्या म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणांची.

ते आमच्या मराठी प्राथमिक शाळेच्या समितीचे अध्यक्ष आणि मी तिथली बाई. सरकारी नोकरदाराच्या घरात वाढल्यामुळे माझी पक्की समजूत होती, की योग्य अधिकाऱ्याचा हुकूम निघाला की जगातलं कुठलंही दुःख दूर होतं. शाळेच्या कागदांवर सही घ्यायला मला त्यांच्याकडे जावं लागे, आणि सहीआधी अमेरिका ऐकावी लागे.

"कायद्यानं मजुरी वाढवली ना बाई, तर ज्याले काम येते त्याचं भलं होते. ज्याले अजून शिकाचं आहे, त्याले दारातूनच वापस."

"मग गरिबानं काय करायचं?"

"शेजाऱ्यानं मदत कराची. शेजारी त्याले नावानं ओळखते. वॉशिंग्टनले तो कोन?"

परतताना रस्ताभर मी उत्तरं तयार करी. फार चांगली उत्तरं असत. पुढच्या सहीपर्यंत एकही आठवत नसे.

त्यांचा सगळ्यात लाडका वाद शाळांचा. सरकारनं शाळा चालवण्यापेक्षा मुलाच्या शिक्षणाच्या खर्चाची एक चिठ्ठी आईबापांच्या हाती द्यावी, त्यांनी ती हव्या त्या शाळेत न्यावी, चांगली शाळा भरेल आणि वाईट शाळा सुधारेल किंवा बंद पडेल, असं तिकडे काही लोक म्हणत होते. वकीलसाहेबांना हे इतकं पटलं, की शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी त्यावरच भाषण ठोकलं. समोर भरवेलीच्या खदानीतले मजूर आणि त्यांच्या बायका बसल्या होत्या. चिठ्ठी हा शब्द आला की सगळे सरसावून बसत. भाषण रंगतंय असं मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात बायकांची रांग. त्या काळी लग्नाच्या घरी जादा साखर हवी तर तहसिलीतून चिठ्ठी आणावी लागे. रांगेत पहिली कौसल्याबाई होती. तिचा धाकटा माझ्याच वर्गात होता.

"बाई, साखरेची चिठ्ठी इथंच भेटते ना? वकीलसाहेब सांगत होते. लेकीचं लगन हाय."

मी सबंध सकाळ अमेरिकेचं शिक्षणविषयक धोरण समजावून सांगितलं. शेवटी कौसल्याबाई म्हणाली, "म्हंजे साखर नाई. शाळा आपन निवडाची, असंच ना?"

"हो, पण ते तिकडे."

"मंग मी पोराले हिंदी शाळेत टाकतो. त्याले खदानीच्या हापिसात बाबू व्हाचं हाय."

एवढं चांगलं मी आजवर कुणालाच शिकवलं नव्हतं.

तिच्यामागून आणखी काहीजणी गेल्या. छप्पन साली नागपूर आमच्या राज्यातून गेलं आणि आम्ही हिंदी मुलखात उरलो, तेव्हापासून कचेरीत हिंदीच चालत होती, त्यामुळे त्यांचं चुकत होतं असंही नाही. पण मुलं अशीच घटली तर अनुदान थांबणार होतं आणि शाळा हिंदी होणार होती. मी तडक ओसरीवर गेले.

"साहेब, कलेक्टरांना सांगा. मराठी घरातली मुलं मराठी शाळेतच घातली पाहिजेत, असा हुकूम काढायला लावा."

"माह्या हातून नाई होनार."

"मग शाळा बंद पडेल."

"हौ, पडन." हे म्हणताना त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मले काय आनंद होऊन राह्यला का, बाई? माह्या वडिलांनी उभी केली ते शाळा. पन पोरं हाकलून आनून कोंडली, तर ते शाळा नाई, कोंडवाडा झाला. गिऱ्हाईक आना."

गिऱ्हाईक! दुकानदारीला नाक मुरडणारी मी, पुढची काही वर्षं सुट्टीच्या दिवशी भरवेलीच्या चाळींतून शाळा विकत हिंडले. आमचं छप्पर गळत नाही. हिंदीचा जादा वर्ग सुरू केला आहे. येऊन बघा, पटलं तर घाला. एका बाईनं मला "उधारी चालते का?" असंही विचारलं. काही मुलं परत आली. शाळा तगली.

मग माझा अविनाश शाळेत जाण्याएवढा झाला. यजमान बांधकाम खात्यात, बदलीची नोकरी, आज बालाघाट, उद्या बिरसा, परवा झाबुआ. बिरसाच्या पुढे मराठी शाळा कुठून आणायची? मी त्याला हिंदी शाळेत घातलं आणि शाळेत सगळ्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. वकीलसाहेबांसाठी मात्र मी बचाव पाठ करून गेले. त्यांनी तो ऐकूनच घेतला नाही.

"आपल्या दुकानात काय कमी पडलं, तेवढं सांगा. गिऱ्हाईक गेलं तर इचारलं पाह्यजे."

"काही कमी नाही, साहेब. फक्त इथून पुढे रस्ता नाही."

"हौ," ते म्हणाले. त्या दिवशी अमेरिका न ऐकवताच त्यांनी कागदांवर सही केली.

पुढे शाळा हिंदी झालीच. ठरावावर अध्यक्ष म्हणून त्यांनीच सही केली, आणि रविवारी ओसरीवर मुलांना मराठी वाचायला शिकवू लागले. कुणावर सक्ती नाही, फी नाही.

"फुकट?" मी पकडलंच. "मग तुमच्या तत्त्वाचं काय?"

"सरकारनं वाटू नये म्हनतो मी. मी वाटू नये, असं कोन्त्या बिलात आहे?"

अविनाश तिथे साप्ताहिकांतल्या मोटारींची चित्रं बघायला जायचा. दारात वकीलसाहेब विचारत, "चिठ्ठी आनली का?" तो "नाही" म्हणे. "मंग ये आत."

वाचनासाठी वकीलसाहेब त्याच साप्ताहिकांतला मजकूर मराठीत करून देत. साहेब गेले तेव्हा कुठे मला कळलं, की आपला मुलगा घडाघडा मराठी वाचतो. मी, मराठीची बाई, त्याच्या हिंदीच्या पाढ्यांत गुंतले होते. त्यांच्या तेराव्याहून आलो त्या रात्री जेवताना त्यानं ताटावरून मान वर केली आणि सरकारी पगारावर चालणाऱ्या त्या घरात, अगदी वकीलसाहेबांच्या सुरात, आपल्या बापाला विचारलं, "बाबा, लोकायचा पैसा सरकारले कायले पाह्यजे?"

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ फार चांगलं उत्तर होतं. नेमकं तेव्हाच आठवेना.