आजचं तळण

जोगेश्वरीच्या आमच्या स्वयंपाकघरात दर रविवारी दोन गोष्टी तळल्या जातात, बांगडे आणि एक कमेंट. आई मालवणी स्वयंपाक करते, मी तांदळाच्या डब्याला मोबाईल टेकवून व्हिडिओ काढते. शेवटी बांगडा तव्यावर चरचरत असताना आठवड्यातली सगळ्यात खवट कमेंट वाचते आणि तिला उत्तर देते. या भागाचं नाव 'आजचं तळण'.

एकानं लिहिलं, "ही भाकरी आहे की नकाशा?" मी म्हटलं, "नकाशाच. तुमचं गाव जरा करपलंय, सॉरी." दुसऱ्याला माझा आवाज फाटका वाटला. त्याला सांगितलं, "रफू करायला टाकलाय, बुधवारी मिळेल." लोक हसतात, मीही हसते. असल्यांना मी भीक घालत नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की सोसायटीतल्या बायकांनाही पाठ झालंय.

मग एक कमेंट आईवर आली. "म्हातारीच्या तोंडात दात नाहीत, काय बोलते कळत नाही. घरी बसवा हिला." मी लिहिलं, "घरीच आहे हो ती. आमचं स्वयंपाकघर घरातच आहे." उत्तर झकास जमलं म्हणून ती कमेंट उत्तरासकट पिन करून सगळ्यांत वर ठेवली. आम्हा व्हिडिओवाल्यांची ही खोडच आहे. स्वतःचा विनोद दिसावा म्हणून शिवीलाही पाटावर बसवायचं. शेजारणीनं कौतुकानं आईला मोबाईल दाखवला, तेव्हा तिला सगळ्यांत आधी तेच दिसलं.

रविवारी ती म्हणाली, "माका नको. तूच कर."

"आई, मनावर नको ना घेऊस. फालतू माणूस आहे तो."

"असांदे. तूच कर."

तोंडावर पदर धरून ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. तो पदर बघून माझं डोकं फिरलं, त्या माणसावर आणि त्याहून जास्त माझ्या शहाणपणावर. तिच्याशिवाय हे सगळं करायचं तरी कशाला? तरी हट्टानं मोबाईल चालू केला. मला भाकरी थापता येत नाही. पहिली फाटली, दुसरी परातीलाच चिकटली, बांगड्याचा मसाला तव्याला लागायला लागला.

आईला ते बघवेना. ती आली, मला कोपरानं बाजूला सारलं, बांगडा उलटला आणि फळीवरचा नारळ घेऊन सरळ मोबाईलसमोर उभी राहिली. गावी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक जण सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागतो, बाकीचे प्रत्येक मागण्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. बायकांनी ते घालायची आमच्या गावात रीत नाही. पण जोगेश्वरीत तिला कोण अडवणार!

"बा देवा म्हाराजा! जो कोण माझे दात मोजता, तेचे सगळे दात शाबूत ऱ्हवांदेत!"

"होय म्हाराजा!" मी खुशीत ओरडले.

"तेका कोणतरी ताजे बांगडे तळून घालांदे, म्हणजे तो दुसऱ्याच्या तव्यात नाक खुपसूचो नाय!"

"होय म्हाराजा!"

"आणि ह्या माझा चेडू, जा चारचौघात हसान उत्तरां देता नि मगे मोरयेत नळ सोडून रडता, तेचा मन घट कर रे म्हाराजा!"

नळ सोडला की बाहेर काही ऐकू जात नाही, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. मोबाईल चालूच होता. 'होय म्हाराजा' म्हणायचं सोडून मी पिठाच्या हातांनीच डोळे पुसायला लागले.

"म्हण गो लवकर," आई म्हणाली, "बांगडो करपता हा."