थंड दारूचे सुभेदार

मालवणपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर दारूबद्दल अधिकारवाणीने बोलणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. पण जन्मात थेंबही न चाखता सकाळी उठल्यापासून फक्त दारूवरच बोलणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या कुंपणाला लागून राहतो. हे आमचे सुभेदार. खरं नाव ख्रिस्ती आहे, लांबलचक आहे आणि ते फक्त चर्चमध्ये वापरतात. एरवी वाडीतल्या पोरांपासून मासेवालीपर्यंत सगळ्यांना ते सुभेदार. त्यांची दारू म्हणजे काडतुसातली. सैन्यात ते आर्मरर होते, म्हणजे रायफली तपासायच्या, दुरुस्त करायच्या आणि निकामी झाल्या की तसं सांगायचं. त्यामुळे जगात जे जे काही झिजतं त्याच्या मुळाशी कुठली ना कुठली चुकीची दारू असणार, यावर त्यांची श्रद्धा आहे.

त्यांचं शास्त्र मला तोंडपाठ झालं आहे. ऐकल्याशिवाय ते चहाच देत नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. रायफलीच्या नळीत काडतूस बसतं, त्याच्या लगेच पुढे गोळी पहिल्यांदा आट्यांना, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांना, भिडते. ती बोटभर जागा म्हणजे रायफलीचा घसा. नळी बाहेरून कितीही लखलखीत असो, घसा गेला की नेम गेला. "आणि घसो कसो जाता?" सुभेदार विचारतात आणि आपण तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगतात, "लोक म्हणतत गोळी घासून घासून. खोटा! बंदूक गोळयेन मरणा नाय, दारून मरता." गोळीमागून येणारी ज्वाळा घसा भाजते. दारू गरम जळणारी असली तर पोलादाला आतून बारीक तडे जातात, पाणी आटलेल्या मळ्याच्या चिखलाला जातात तसे. थंड जळणारी असली तर तीच रायफल कितीतरी जास्त चालते. त्यातून गोळ्या भराभर झाडल्या, नळीला थंड व्हायला उसंतच दिली नाही, तर मग कुठलीही दारू घ्या, घशाचे बारा वाजलेच. गावातले लोक वानर हाकलायच्या ठासणीच्या बंदुका त्यांना दाखवायला आणतात, तेव्हा सुभेदार नाक मुरडतात. त्या नळीला आटेच नाहीत, मग घसा कुठला? "काळी दारू जाळणा नाय, पण मागे खार ठेवता. खाऱ्या हवेत नळी कुजता. धुवा रे मेल्यांनू!" असं ओरडून ते स्वतःच धुवायला बसतात.

हे शास्त्र घरात लागू झाल्यापासून सुभेदारीणबाईंचा, म्हणजे आमच्या आंटीचा, जीव मेटाकुटीला आला आहे. मिक्सरवर खोबऱ्याचं वाटप लागलं की हे मागे उभे. एक फेरा झाला की बटण बंद, मिक्सरच्या पोटावर तळहात, आणि "थंड होवंदे!" पाहुणे दारात, वाटप अर्धवट आणि मिक्सर विश्रांती घेतोय, हे दृश्य मी स्वतः पाहिलं आहे. चहासुद्धा ते एका घोटानंतर बराच वेळ थांबून पितात. शेवटचा घोट गार पाण्यासारखा होतो आणि तोच त्यांना सगळ्यात आवडतो. आंटी मला म्हणाली होती, "रायफलीच्या घशाची एवढी काळजी! पण सारात मीठ कमी पडला तर परेडीवर सांगतल्यासारखा सांगता, आणि बरा झाला म्हणून जन्मात एकदा तेच्या तोंडातसून भायर पडूक नाय."

परेडीवर सांगितल्यासारखं, हे अगदी खरं होतं. रायफलींच्या आवाजाने सुभेदारांचे कान कधीच गेले होते, आणि स्वतःला ऐकू यावं म्हणून ते एवढ्या मोठ्याने बोलत की किनाऱ्यावरून त्यांनी "चाय टाक गो!" म्हटलं की तीन घरांत आधण चढायचं. पण या आवाजाचं एक राजवैभवही होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खुरीस, म्हणजे दगडी क्रूस, आहे. दर मे महिन्यात त्याच्यासमोर लादीन होते, म्हणजे प्रार्थना गातात. एकजण ओळ उचलतो, बाकीचे उत्तर देतात, आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. चण्यांसाठी आम्ही सगळे हिंदूही झाडून हजर असतो. ओळ उचलायचा मान सुभेदारांचा. त्यांनी पहिला सूर लावला की खाडीपलीकडे होडी ओढणारी माणसं डोक्यावरची टोपी काढत. सुभेदार बाकी कशाचा गर्व करत नसत, पण त्या सुराचा करत.

या आवाजानेच घोटाळा केला. एकदा आम्ही ओरोसच्या बसमध्ये होतो आणि सुभेदार मला नेहमीचं समजावत होते. "दारू गरम असली की घसो जाता! थंड दारू घेवची, आणि मधी मधी थांबाचा!" कसालला चढलेल्या एका म्हातारीने कळवळून म्हटलं, "सोड रे बाबा ती, बायलेकडे बघ!" मागच्या बाकावर एका शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी अर्धंच ऐकलं आणि उतरताना सुभेदारांना व्यसनमुक्ती सप्ताहात 'दारू आणि घसा' या विषयावर बोलायचं आमंत्रण देऊन टाकलं. सुभेदारांना व्यसनमुक्ती हा शब्द ऐकू आला नाही, विषय मात्र नीट ऐकू आला. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपणहून हा विषय मागितला म्हणून त्यांचे डोळे भरून आले.

भाषणाच्या दिवशी ऐन वेळी वीज गेली. माइक बंद पडला, म्हणून सुभेदार शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात सुरू झाले. "मुलांनो, सगळीच दारू वाईट नसते! वाईट असते ती गरम दारू! निवड चुकली की घसा गेला!" मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला. मुलांनी मात्र असल्या टाळ्या पिटल्या की सुभेदारांनी तासभर घसा ताणून रायफलीचं सगळं आयुष्य उलगडून सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांचा आवाज बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, कोकम झालं, आंटीने केलेला काढा झाला. आवाज उठेना. मे महिना तोंडावर आला होता.

शेवटी त्यांना ऐकू येत नाही म्हणून मीच ओरोसला डॉक्टरांकडे सोबत गेलो. डॉक्टर तरुण होता. कागदावर लिहिता लिहिता त्याने मोठ्याने विचारलं, "दारू?"

सुभेदारांची कळी खुलली. बसक्या आवाजात, शुद्ध मराठीत ते म्हणाले, "आयुष्य गेलं साहेब दारूत."

"कुठली?"

"सुरुवातीला सिंगल. नंतर डबल आली. डबल वाईट! जोर जास्त, पण घसा खाते. मी सांगत होतो, सिंगलवरच राहूया. कोण ऐकतो?"

"दिवसाला किती?"

"असे शंभरेक राउंड. पण एकट्याने नाही हां, सगळ्या जवानांबरोबर. आणि मध्ये मध्ये नळी थंड होऊ देत होतो."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. हसू आवरत मी त्याला सिंगल बेस आणि डबल बेस या काडतुसातल्या दारूच्या जाती असतात हे समजावलं, तेव्हा तो टेबलावर डोकं ठेवून हसला. मग त्याने घशात नळी घालून आत पाहिलं आणि त्याचं हसणं थांबलं. गाठ होती. गोव्याला जाऊन ती काढली. गाठ साधी निघाली म्हणून आंटीने मेणबत्त्या लावल्या. पण आवाज परत आला तो दोऱ्याएवढा. डॉक्टरने बजावलं, कानांमुळे आयुष्यभर ओरडलात, त्याने घसा झिजला आहे. यापुढे ओरडायचं नाही, गायचं नाही, बोलायचं ते मोजकंच. सुभेदारांनी मला पाटीवर लिहून दाखवलं, 'रायफलींनी कान नेले, कानांनी घसा नेला. म्हणजे शेवटी दारूनेच ना?' सिद्धांत खरा ठरल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

त्या दिवसापासून कुंपणापलीकडे शांतता पसरली. चहा हवा असला की ते कपावर चमचा वाजवत. मिक्सरला विश्रांती आंटीच्या खांद्यावर टिचकी मारून मिळू लागली. एकदाच ते माझ्याशी बोलले, तेही कानाशी येऊन. "घसो गेलेली रायफल फेकूची नसता. थोडे राउंड रवतत तिच्यात. ते खंय मारूचे तां आपण ठरवचा." मला वाटलं, वाडीतल्या सगळ्यांनाच वाटलं, की ते उरलेला आवाज लादीनीसाठी राखून ठेवताहेत. एक ओळ तरी उचलतील. एवढ्यासाठी घसा पुन्हा फाडून घेऊ नये, असं मी त्यांना सांगणार होतो, पण माझा धीर झाला नाही.

लादीनीच्या संध्याकाळी खुरसाला अबोलीच्या माळा घातल्या होत्या. सगळे जमले. सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून नेहमीच्या जागी उभे राहिले आणि कुणी खोकेना की हलेना. त्यांनी क्षणभर खुरसाकडे पाहिलं, मग मागच्या बायकांच्या रांगेत गेले, आंटीचा हात धरला आणि तिला आपल्या जागी आणून उभी केली. ती इतकी वर्षं फक्त उत्तराच्या ओळी म्हणत आली होती. "माका नाय येणा!" ती पुटपुटली. सुभेदारांनी हाताने खूण केली, सैनिकाला करतात तशी, आणि आंटीने सूर लावला. सुरुवातीला तो कापला, मग स्थिर झाला. खाडीपलीकडे काही तो गेला नाही. सुभेदार कानामागे पंजा धरून तिच्या अगदी जवळ, जवळजवळ तिच्या तोंडात कान घालून उभे होते. शेवटच्या ओळीपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

मग चणे आले, गडबड उडाली, पोरं द्रोण घेऊन पळू लागली. मी दोघांच्या शेजारीच उभा होतो. सुभेदार आंटीकडे वळले आणि त्या दोऱ्याएवढ्या आवाजात म्हणाले, "बरा म्हटलंस गो."

आंटीने डोळे पुसले. मग मान तिरकी करून तिने विचारलं, "काय म्हटलंस? परत एकदा सांग."

तिने ऐकलं होतं. मीसुद्धा ऐकलं होतं. सुभेदारांनी घशावर बोट ठेवलं, दुसऱ्या हाताने "थंड होवंदे" अशी खूण केली आणि चण्यांचा द्रोण तिच्या हातात दिला.