खंडेनवमीचं ओलं फडकं

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, देवाजवळही नाही. भीती वाटते — या वयात मला मारणार कोण आहे? तरी वाटते.

करावे गावात आमचं घर. नातू रोहन इंजिनिअरिंगला होता. एकत्र काम करायला शिकावं म्हणून सरांनी चौघांचा गट केला आणि परदेशातल्या चार पोरांशी जोडून दिला. सगळ्यांनी मिळून खाडीचं पाणी तपासणारं यंत्र करायचं. अर्धे भाग तिकडून पार्सलनं आले, जुळणी आमच्या पडवीत. जुळवलं बहुतेक अस्मितानं — त्याच गटातली, शेजारच्या शिरवणे गावची पोरगी, माझ्याकडे सुकट-भाकरी मागून खायची. तिनंच तिकडे जाऊन यंत्र दाखवायचं, असं ठरलं होतं.

खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी कोयता, जाळं, गाडी, सगळ्याला हळदकुंकू लागतं. मग यंत्राला का नको? पोरं बाहेर गेली होती. मी झाकण उघडलं, आतल्या तारा जोडलेल्या हिरव्या पाटीला ओली हळद लावली, कुंकू लावलं. मग वाटलं, रागावतील. ओल्या फडक्यानं सगळं पुसलं. झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर परदेशी पोरं, आणि यंत्र चालेना. तिकडची मुलगी काही बोलली. रोहन म्हणाला, "ती बोलते, त्यांच्याकडचंच जोडकाम कच्चं असेल."

तिथं मिटत होतं — कळतंय ना? मी नुसतं गप्प राहायचं होतं. पण रोहननं झाकण काढलं. "यात पानी गेलंय. आजी, कोनी हात लावला?"

अडाणी म्हातारी म्हणून पोरं हसतील, नातू मान खाली घालेल. भय एवढंच. मी म्हटलं, "अस्मिता बाटली घेऊन बसलेली ना तिथं?"

"आजी बोलतात तर सांडलं असेल माझ्याकडून," ती म्हणाली. वाद नाही, काही नाही.

सर सांगत राहिले, चूक एकाची नसते, गटाची असते. कोणी ऐकलं? "हिला लांब बसवा रे," म्हणून पोरं हसायची. यंत्र दाखवायला तिच्याऐवजी रोहन परदेशी गेला.

आता ती नोकरी करते. दर दसऱ्याला सोनं द्यायला येते, पाया पडते. फाटक वाजलं की मी आधी तिचं तोंड बघते — कळलं असेल का हिला?

यंदा टेबलावर रोहनचा लॅपटॉप उघडा होता. तिनं चहाचा कप उचलून खाली, भिंतीपाशी नेऊन ठेवला. "माझ्या हाताचा काय भरवसा नाय, आजी," म्हणाली आणि हसली.

तिनं दिलेली आपट्याची पानं माझ्या मुठीत होती.